डॉक्टरसाहेब, राख पाहिलीत का?

बाबालाल शिंपी वारला तेव्हा पौडातली दुकानं दिवसभर बंद राहिली, पण पेपरात त्याच्यासाठी दोन ओळी आल्या नाहीत. मला त्याचा राग आहे. सगळी हयात ज्या माणसानं गावाला पेपर वाचून दाखवला, त्याच्या वाट्याला दोन ओळी येऊ नयेत? म्हणून म्हटलं, आपणच सांगावं. मी वाल्मीक. बाजारपेठेत त्याच्या दुकानाला खेटून माझं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. पंक्चर काढता काढता मी सव्वीस वर्षं त्याचं वाचन ऐकलं आहे.

पुण्याहून दुपारची एसटी आली की कंडक्टर पेपर टाकायचा. बाबालाल शिलाई मशीन थांबवायचा, हात पुसायचा, चष्मा चढवायचा आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात करायचा. बाजाराला आलेली माणसं ओट्यावर टेकायची. वाचताना पदरचा एक शब्द घालायचा नाही, हा त्याचा नेम. मंत्री गेला तरी तोच आवाज आणि गुळाचा भाव उतरला तरी तोच. कुणी मध्ये तोंड घातलं तर म्हणायचा, "आदी ऐक तर, बाबा."

तसा माणूस लई चोख. गिऱ्हाइकानं घरून माप सांगून पाठवलं तर कापड परत जायचं. "मानूस हितं उभा करा, मी माज्या टेपनं माप घेतो," म्हणायचा. दुसऱ्यानं सांगितलेल्या मापावर त्यानं कधी कात्री चालवली नाही. कापडावर. पेपराचं मात्र त्यानं कधी माप घेतलं नव्हतं, आणि तिथंच सगळं फसलं.

त्या काळात एक मोठे शास्त्रज्ञ होते. त्यांचं नाव मी घेणार नाही. ते आता हयात नाहीत, आणि त्यांच्या नातवंडांनी माझं काही बिघडवलेलं नाही. परदेशातून शिकून आलेले, उंचेपुरे, रेडिओवर बोलायचे, पेपरात आठवड्याला एक फोटो. सगळे त्यांना डॉक्टरसाहेब म्हणायचे. ताप आला तर हे डॉक्टर उपयोगाचे नाहीत, हे समजायलाच आम्हांला महिना लागला. बोलायचे तर असं ठासून, की बस्स! पाच वर्षांत देशात उंदीर दिसणार नाही. लोकांनी तळ्यातलं शेवाळ वाळवून भाकरीत घालावं, दूध प्यायची गरज उरणार नाही. पेपरवाले एकही प्रश्न न विचारता सगळं छापायचे. आणि बाबालाल सगळं वाचायचा.

त्रेसष्ट सालची संक्रांत होऊन गेली होती. त्या दिवशी पहिल्याच पानावर होतं: राब भाजणं हा शुद्ध अडाणीपणा आहे, असं डॉक्टरसाहेब म्हणाले.

राब शहरच्या माणसाला समजावून सांगावा लागतो. भाताचं रोप ज्या तुकड्यावर पेरायचं, तिथं शेण, झाडाच्या फांद्या, पालापाचोळा, गवत असे थर द्यायचे, वर माती पसरायची आणि उन्हाळ्यात पेटवून द्यायचं. तण जळतं, किडा जळतो आणि राखेत रोप जोमानं उठतं. आमच्या मुळशीत भात असंच होतं. पण त्यासाठी झाडावर चढून फांद्या तोडायच्या, भारे वाहायचे, सगळं हाडं मोडणारं काम. डॉक्टरसाहेबांचं म्हणणं, हे काही करू नका. आमचं मिश्रण मातीत टाका, न भाजता पेरा, रोपं दुप्पट येतील.

ओट्यावर रंभाबाई बसली होती. ओढ्यापलीकडच्या वाडीतली. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, लेक सासरी. मागच्या सालात राबासाठी फांद्या तोडताना झाडावरून पडली आणि उजवा हात वाकडा बसला. एक भातखाचर होतं तिचं, आणि सासूच्या हातचं भाताचं बी. बारीक, वासाचं. शिजलं की ओढ्याच्या अलीकडे वास यायचा. ते बी दुसऱ्या कुणाकडं उरलं नव्हतं. दरसाल ती मडक्यात कडुनिंबाचा पाला घालून ते जपायची.

तिनं विचारलं, "भाई, हे खरं हाय का?"

बाबालालनं पेपर तिच्याकडं वळवला. तिला वाचता येत नव्हतं, तरी वळवला. "छापलंय, आक्का," तो म्हणाला.

पुढं डॉक्टरसाहेबांच्या माणसांची जीप आली, कागदी पिशव्यांतून मिश्रण वाटून गेली. आम्ही सगळ्यांनी पिशव्या घेतल्या, माना डोलावल्या, 'वा, वा' म्हटलं. आणि उन्हाळा आला तसे सगळ्यांनी आपापले राब भाजले. या साली भाजू, पुढच्या साली बघू. डोंगराच्या कडेला जिकडंतिकडं धूर. हे काही लपून नव्हतं. रंभाबाईलाही दिसतच होतं. ती परत दुकानात आली.

"समदी भाजत्यात, भाई. मी एकलीच बसलेय. खरं हाय न्हवं?"

"फोटूसकट छापलंय, आक्का. एवढा मोठा मानूस लबाड बोलंल का?"

मी शेजारी ट्यूब घासत बसलो होतो. आदल्या दिवशीच आमच्या घरचा राब भाजून झाला होता, माझ्या टाचांच्या भेगांत अजून काळं होतं. मला बोलता आलं असतं, बाई, माझ्या राबातला कोपरा घे, आमी चार हात लावतो. एवढ्या चार शब्दांना काय पैसे पडत होते? मी ट्यूब घासत राहिलो. मेल्या माणसावर लिहायला बसलोय तर स्वतःचंही लिहायला पाहिजे.

तिनं मिश्रण टाकून न भाजता पेरलं. रोप उगवलं त्याच्या आधी तण उगवलं. जे भात वर आलं ते पिवळं पडलं. तिला वाटलं आपलंच काही चुकलं, म्हणून तिनं मडक्यात राखून ठेवलेलं उरलंसुरलं बी काढलं आणि दुसऱ्यांदा पेरलं. तेही गेलं. लावणीला शेजाऱ्यांनी आपली उरलेली रोपं तिला दिली, खाचर काही रिकामं राहिलं नाही. पोटापुरतं झालं. पण सासूचं बी संपलं. मडकं तिनं धुऊन पालथं घातलं.

लावणी झाल्यावर ती दुकानाशी आली. ओट्यावर बसली नाही. उभ्यानंच म्हणाली, "भाई, तुमच्यावर बोल न्हाई. तुमी छापलंय म्हनलात, खरं हाय असं काय म्हनला न्हाईत. मीच येडी."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती गेली, आणि बाबालाल हातातली कात्री तशीच धरून बसला. शेवटी जोहराबीनं, त्याच्या बायकोनं, ती हातातून काढून घेतली.

दिवाळीच्या सुमाराला पेपर आला: मुळशी तालुक्यात राब न भाजण्याचा प्रयोग शंभर टक्के यशस्वी. नांदे गावाच्या अंगाला डॉक्टरांचं नमुन्याचं शेत होतं, तिथला फोटो. कंबरेएवढं भात आणि मध्ये डॉक्टरसाहेब हसतायत. बाबालालनं मथळा वाचला, पुढच्या दोन ओळी वाचल्या आणि पेपराची घडी घातली. "आज एवढंच," म्हणाला. त्या दिवसापासून वाचन बंद. रंभाबाईनंही ओट्याकडं यायचं सोडलं.

लोक कुरकुरले, मग सरावले. बाबालाल मात्र मनात पेपर वाचायचा आणि कात्रणं काढायचा. मापाच्या वहीत मागल्या बाजूनं डॉक्टरसाहेबांचं एकेक वाक्य लिहायचं, तारीख घालायची आणि पुढं एकच प्रश्न: कुणी पाहिलं? वर्तमानपत्राला त्यानं चार पत्रं धाडली. एकही छापलं नाही. मी चेष्टा करायचो, "बाबालाल, आता डॉक्टरांची बंडी शिवतोस का काय?" तो हसायचा नाही.

पासष्टच्या उन्हाळ्यात एक दिवस सकाळीच माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "वाल्मीक, दोन सायकली काढ. नांद्याला जायचं."

"कशाला?"

"माप घ्यायला."

ऊन डोक्यावर येईतो आम्ही पोचलो. तारेचं कुंपण, चुन्यानं रंगवलेले दगड, डॉक्टरांच्या नावाची पाटी. राखणीला भिकू नावाचा गडी होता, गरीब माणूस. आम्हांला पाणी दिलं. बाबालाल शेतातून फिरला, बांधावरून फिरला आणि झोपडीच्या मागं गेला तो परत येईना. मी बघायला गेलो तर हा उकिडवा बसलेला. समोर काळाकुट्ट तुकडा. ताजा भाजलेला राब. बाबालाल चिमटीत राख घेऊन बोटांनी चोळत होता.

"हे काय, भिकू?"

भिकूचं तोंड उतरलं. मग त्यानं सगळं सांगितलं. "पयल्या साली सायब म्हनलं तसंच केलं. भाजलं न्हाई. रोप पिवळं पडलं, तणानं गिळलं. आन सायब फोटूवाल्यांना घिऊन येनार व्हते. मंग माज्या घरच्या राबातली रोपं उपटून हितं लावली. सायब लई खूश झाले. तवापास्नं दर साली मागं भाजतो आन म्होरं लावतो."

"त्यांना सांगितलं न्हाईस?"

"त्यांनी इचारलं न्हाई. पाटीपाशी उभं ऱ्हात्यात, फोटू काढत्यात, जात्यात. एवढा मोठा मानूस, चार लोकांत खाली बघाया लागंल, आपन कसं सांगायचं, भाऊ?"

आता याला काय म्हणावं! लबाडी नव्हती ती. आमची रीतच तशी. मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायचं नाही. मान डोलवायची आणि घरी येऊन आपल्याला ठाऊक आहे तेच करायचं. गावानं तेच केलं, भिकूनं तेच केलं, मीही तेच केलं. दोघांनीच तेवढं खरं मानलं होतं. वाचणाऱ्यानं आणि ऐकणाऱ्या एका बाईनं. आम्ही परतीला लागलो, बाबालाल पुढं. चढावर सायकल हातात धरून चालताना त्याचे डोळे भरलेले मी पाहिले आणि नजर दुसरीकडं वळवली.

चार दिवस मशीन बंद ठेवून त्यानं लिहिलं. दैनिकांनी परत पाठवलं. शेवटी पुण्यातल्या एका लहानशा साप्ताहिकाच्या तिरसट संपादकानं छापलं, आतल्या पानावर. मथळा बाबालालचाच: 'डॉक्टरसाहेब, राख पाहिलीत का?' भिकूची भाकरी जाऊ नये म्हणून त्यानं भिकूचं नाव घातलं नाही. त्यामुळं पुष्कळांचा विश्वासच बसला नाही. डॉक्टरसाहेबांनी दैनिकात एका वाक्यात उडवून लावलं: शिंप्यानं कात्री चालवावी, शास्त्र आमच्याकडं सोडावं. देशाच्या मोठ्या माणसावर चिखल उडवतो म्हणून गावातली चार शहाणी माणसं रागावली. एक-दोघं तर त्याच्या धर्मावर घसरले, ज्यांचे सदरे त्यानंच शिवलेले होते. शाळेच्या गणवेशाचं काम दुसऱ्याकडं गेलं. बाबालाल म्हणाला, "जाऊ दे."

साप्ताहिक आलं त्याच दिवशी दुपारी तो ते घेऊन रंभाबाईच्या वाडीला गेला. मला म्हणाला, "चल, एकट्याला धीर हुईना." ती अंगणात डाव्या हातानं झाडत होती. आम्हांला बघून केरसुणी ठेवली, घोंगडं टाकलं. पालथं मडकं भिंतीशी तसंच होतं.

बाबालालनं चष्मा चढवला आणि दीड वर्षानं पहिल्यांदा मोठ्यानं वाचलं. तोच जुना आवाज. डॉक्टरसाहेबांची वाक्यं, तारखा, नमुन्याच्या शेतामागचा राब, सगळं. शेवटचा मजकूर मला पाठ आहे: 'डॉक्टरसाहेब खोटे बोलले असे मी म्हणत नाही. ते खाली वाकून पाहायचे राहिले. मीही राहिलो. एका बाईने मला विचारले, हे खरे आहे का. मी म्हणालो, छापले आहे. त्या उत्तरावर तिचे पिढ्यांचे बी गेले. हा दोष माझा आहे आणि तो छापला जावा म्हणून हे लिहिले.' इथं आवाज फाटला, पण त्यानं पूर्णविरामापर्यंत नेलं.

रंभाबाईनं पालथ्या मडक्याकडं बघितलं. मग म्हणाली, "म्हंजी डागदरनं बी राबच भाजला व्हता?"

"त्याला म्हाईत नसताना. व्हय."

"मंग मला एकलीलाच खरं वाटलं."

"दोघांना, आक्का."

माझ्या जिवाला चटका बसला. मी बोललो, त्या दिवशी ट्यूब घासत बसलो होतो ते सगळं बोललो. तिनं ऐकलं. मला माफी मिळाली नाही, आणि ते योग्यच होतं.

मग तिनं बाबालालच्या हातातल्या कागदाकडं बोट केलं आणि पूर्वी विचारायची तसंच विचारलं, "भाई, हे खरं हाय का?"

बाबालालनं चष्मा काढला. कागद या खेपेला तिच्याकडं वळवला नाही, घडी करून खाली ठेवला.

"खरं हाय, आक्का. मी जाऊन बघून आलोय. राख हातात घिऊन बघितली."

"बी काय आता परत येत न्हाई," ती म्हणाली. पदरानं डोळे पुसले आणि भिंतीला टेकून बसली. "पन वाचा. पयल्यापास्नं परत वाचा."