गाडीत ठेवलेला फोन

माझ्या मेहुण्याने आणि सख्ख्या थोरल्या भावाने मिळून मला फसवलं. तळघरात मेहुण्याचा मासेमारीच्या गळांचा डबा उघडला की रबरी आमिषाचा बडीशेपेसारखा वास येतो आणि म्युनिकजवळच्या तळ्यावरची ती जानेवारीतली सकाळ समोर उभी राहते. काठाशी बर्फाची पातळ साय धरली होती. होडीवाल्याशी घासाघीस करून मी कॉफीचा थर्मास फुकटात भरून घेतला होता आणि त्याच खुशीत होतो. "दाजी, फोन गाडीतच ठेवा, पाण्यात पडेल," मेहुणा म्हणाला. मी ठेवला. तो नुसता वल्ही मारत राहिला, स्वतःचा गळ त्याने टाकलाच नाही. मला पट्ट्यापट्ट्यांचा एक मासा लागला, इथे त्याला बार्श म्हणतात, तेव्हा मी त्याला चिडवलं, "शिकवणारा तू आणि मासा मला." तो हसला नाही. बोटं बधिर झाली, परत फिरू म्हटलं, तर म्हणाला, "अजून थोडं थांबू." काठाला लागल्यावर त्याने खिशातला स्वतःचा फोन बघितला आणि माझा हात धरला. "दाजी, साताऱ्याला पहाटे तुमच्या आई गेल्या. आता सगळं आटोपलंय. दादा म्हणाले, त्याला आधी सांगू नकोस, तापट आहे, विमानतळावर धावेल आणि पोचणार तर नाहीच." फोनवर तरी मला तिचा चेहरा दिसला असता. ती चितेवर होती तेव्हा मी एका माशापायी हसत होतो. दादा आजही म्हणतो, तुझ्या भल्यासाठीच केलं. मग दादा, मला एवढंच सांग, आईला शेवटचं बघायचं की नाही हे माझ्या वतीने ठरवायचा हक्क तुला कोणी दिला?