खासगी किती?

जगातला सगळा दानधर्म एस.टी.च्या निवृत्त कंडक्टरांच्या ताब्यात द्यावा, असं माझं ठाम मत आहे, आणि ते एकाच कंडक्टरवरून झालेलं आहे. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. बहात्तरच्या दुष्काळात पाथर्डीच्या पुढच्या एका गावात मुंबईच्या एका ट्रस्टनं मुलांसाठी दूध आणि सुकडीचं गोड पीठ वाटायचं केंद्र काढलं होतं. आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे, पोरं शाळेच्या ओट्यावर आमच्याकडे. गावातर्फे केंद्र बघायला मामा, ट्रस्टतर्फे मी. मी म्हणजे सातवीतून शाळा सोडलेला, ट्रस्टच्या गोदामात पोती मोजणारा, मालवणचा माणूस. आई शेजाऱ्याकडून पत्र लिहवून घ्यायची, "थंय पाणी नाय म्हणतत, मगे तू पितस काय?" याचं उत्तर मी कधी लिहिलं नाही. मी मामांच्या घरचं पाणी पीत होतो, आणि ते मामांची सून दोन कोसांवरून डोक्यावर आणत होती.

मामांची नोकरी संपली होती, पण मामा गाडीतून उतरले नव्हते. दुधाच्या पातेल्यात पळी घालायची तर शाळेच्या घंटेचे दोन टोल पडायला हवेत. एक टोल पडला की पळी जागच्या जागी थांबायची, मग वाटी अर्धी भरलेली का असेना. रांगेतल्या पोरांना ते "पुढं सरका, पुढं सरका, मधी लई जागा हाय," म्हणायचे. मधे जागा कधीच नसायची. तिकिटाला भोक पाडायचा खात्याचा पंच त्यांना निवृत्त होताना परत करावा लागला होता. त्याचं दुःख अनावर होऊन त्यांनी गावच्या लोहाराकडून तसाच एक करवून घेतला होता. जुन्या कॅलेंडरची तिकिटं कापून ते प्रत्येक पोराच्या हातावर एक टेकवायचे, आणि वाटी भरली की टिकदिशी भोक पाडायचे. माणसांना ते नावानं हाकच मारत नसत, स्टॉपानं मारत. त्यांची स्वतःची सूनही माहेरावरून 'तिसगाव' होती. मी पहिल्या दिवसापासून 'मालवण'. "ए मालवण, तोंड का उतरलंय? घाट लागला काय?" असं त्यांनी विचारलं की मला परक्या मुलखात कुणीतरी आपलं तिकीट काढून दिल्यासारखं वाटायचं.

पण त्यांची खरी खोड वेगळीच होती. कंडक्टर ड्यूटीवर चढताना स्वतःच्या खिशात किती पैसे आहेत ते आधी वे-बिलावर, म्हणजे गाडीच्या हिशेबाच्या कागदावर, लिहून देतो. म्हणजे वाटेत तपासणी झाली तर आपला पैसा कुठला आणि गाडीचा कुठला, यात वाद राहत नाही. हा नियम मामांनी शाळेच्या खोलीतल्या आमच्या कोठीला लावला. दारात उभे राहून ते प्रत्येकाला विचारायचे, "खासगी किती?" सरपंच आले, खासगी किती? पीठ आणणारा हमाल आला, खासगी किती? एकदा त्यांच्या व्याह्यांनी रागानं सांगितलं, "खिशात तंबाखू हाय आन कपाळावर आठ्या." मामांनी शांतपणे लिहिलं, 'तंबाखू, एक चंची.' आठ्या जाताना परत मोजता येणार नाहीत, म्हणून सोडून दिल्या.

माझा जीव मात्र दुसरीकडेच टांगलेला असायचा. ट्रस्टचा अहवाल नऊ पानांचा, इंग्रजीत, चार प्रतींत. पैसे परदेशातून यायचे, तिकडच्यांना म्हणे असाच लागतो. त्यातले निम्मे रकाने काय विचारतात हे मला कळत नव्हतं, आणि विचारायची लाज. म्हणून मी आदल्या महिन्याचे आकडे थोडे इकडेतिकडे करून उतरवायचो आणि मग आठवडाभर पोस्टमन दिसला तरी घाबरायचो. मामांनी एकदा ती पानं उलटी-सुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "मालवण, हे ज्यानं भरायचं त्याला कळंना, आन ज्याच्यासाटी भरायचं त्या पोरांच्या आयांना दिसंना. मग हे हाय कुनासाटी?" दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गेरू कालवला आणि शाळेच्या पांढऱ्या भिंतीवर वे-बिल काढलं. चार घरं: आलं, वाटलं, सांडलं, उरलं. वर एका ओळीत आम्हा दोघांचं खासगी. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी पोत्याला एक उभी रेघ. मी थोडे आढेवेढे घेतले, पण संध्याकाळी कामावरून परतणाऱ्या बाया भिंतीसमोर थबकू लागल्या. एक जण मामांवर कडाडलीच, "माझी धाकटी कालपास्नं आजोळी हाय, आन तुमी तिला दूध पाजलं व्हय?" मामांनी पंच खिशात टाकला, ओल्या फडक्यानं आकडा पुसला, एकानं कमी केला आणि तिला म्हणाले, "असंच वराडत जा गं बाई. चेकरचा भत्ता वाचला माजा."

आणि मग ती तीन पोती आली. ट्रकमध्ये दुधाच्या भुकटीशेजारी घासलेटचं पिंप होतं, ते वाटेत झिरपलं. ड्रायव्हर घाईत, मी त्याच्याहून घाईत. वास न घेता, पोती न उलथता मी पावतीवर सही ठोकली. ट्रक गेल्यावर पोती उघडली तर कोठीभर रॉकेलचा भपकारा. नोकरी जाणार, आईची मनीऑर्डर थांबणार, आणि ट्रस्टनं केंद्रच बंद केलं तर ओट्यावरची पोरं माझ्यामुळे उपाशी. नऊ पानांत अशा भानगडीला कुठे जागाच नव्हती. मी मामांना चाचरत म्हटलं, "तीन पोती आपण रोज थोडी थोडी 'वाटलं'मध्ये दाखवू. कुणाला कळतंय?"

मामांनी कोठीचं दार सताड उघडलं. मग म्हणाले, "सांडलं त्याला चोरी म्हनत न्हाईत, मालवण. लपवलं की म्हनत्यात." त्यांनी गाव गोळा केलं, सगळ्यांना वास घ्यायला लावला, ओढ्याकाठी खड्डा खणून पोती पुरली. आणि 'सांडलं'च्या घरात लिहिलं: 'तीन पोती. घासलेट लागलं. सही न बघता केली: मालवण.' मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते लिहितच होते. खाली आणखी एक ओळ आली: 'स्वतः शेजारी असून तपासलं नाही: कंडक्टर.' दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. पाणी मात्र त्यांच्याच घरचं पीत होतो.

पंधरा दिवसांत एका संध्याकाळी मुंबईचे साहेब जीपनं आले. कुणीतरी ट्रस्टला निनावी पत्र टाकलं होतं की तीन पोती काळ्या बाजारात गेली. साहेब केंद्राला कुलूप लावायच्या तयारीनंच आले होते. ते कोठीच्या दारात पोचले आणि मामांनी हात आडवा घातला. "साहेब, खासगी किती?"

मी डोळे मिटून घेतले.

"काय किती?"

"खिशात काय हाय त्ये आधी सांगायचं. जाताना तुमालाच बरं."

साहेब आधी तांबडे झाले, मग का कोण जाणे, त्यांनी पाकीट काढून पैसे मोजले. "त्रेचाळीस रुपये." "आजून?" "पेन. कंगवा." साहेबांच्या डोक्यावर केस असे फारसे नव्हतेच. कंगवा ऐकून कामावरून परतलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मामा न हसता भिंतीवर लिहीत होते. साहेबांची नजर त्यांच्या हाताबरोबर फिरत खाली गेली आणि 'सांडलं'वर थांबली. त्यांनी खिशातलं निनावी पत्र काढलं, पुन्हा वाचलं, पुन्हा भिंत वाचली. "हे कधी लिहिलं?"

"पोती आली त्याच दिशी," ती धाकटीवरून भांडणारी बाईच बोलली. "वड्याला पुरल्यात. चला दावते. आजून वास येतोय."

साहेब ओढ्यावर जाऊन आले. मला वाटलं, आता माझी पाळी. ते एवढंच म्हणाले, "चोर भिंतीवर सही करत नाही. पुढच्या वेळी वास घेऊन सही करा." मग नऊ पानांचं बाड हातात धरून भिंतीची चार घरं त्यांनी वहीत उतरवून घेतली. दोन महिन्यांनी मुंबईहून नवा अहवाल आला. एक पान, मराठीत, सगळ्या केंद्रांसाठी. त्यात 'सांडलं'चं घर होतं. मी तो पहिल्यांदा खरे आकडे घालून भरला, आणि मामांच्या पाया पडायला गेलो तर त्यांनी माझ्या हातावर तिकीट ठेवून टिकदिशी भोक पाडलं. ते मी पाकिटात जपून ठेवलं.

पाऊस झाला, केंद्र आवरलं, मी परतलो. नंतर बऱ्याच वर्षांनी एका कामासाठी नगरला गेलो, तेव्हा मुद्दाम पाथर्डीची गाडी धरली. मामा दोन उन्हाळ्यांपूर्वीच वारले होते. सुनेनं पाणी आणून दिलं. आता नळ दारात होता. शाळेच्या भिंतीला नवा चुना लागला होता. पण गेरू हट्टी, चुन्याखालून डोकावतोच. मी जवळ गेलो. फिकट तांबूस अक्षरांत माझी चूक अजून तिथे होती, आणि तिच्या खाली, तिला एकटं न सोडता, त्यांची.

मी शाळेच्या दारात उभा राहिलो. आत जायच्या आधी पाकीट काढलं, पैसे मोजले आणि हळूच सांगितलं, "सव्वीस रुपये, मामा. आणि एक भोक पाडलेलं तिकीट."