डुकरांचा गंज आणि माझा हात

आधीच सांगते, जेवत असाल तर हे वाचू नका.

रंगीत टीव्ही नुकते आले होते तेव्हाची गोष्ट. आम्ही कळमन्याच्या पुढे राहायचो. आमच्या ह्यांनी कुठूनसं ऐकून पांढरी विलायती डुकरांची पिल्लं आणली आणि त्यांचा गोठा बांधला कुठे? माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली! का, तर त्यांचं खाद्य चुलीवर शिजवावं लागतं. मी भांडले, तेव्हा म्हणाले, "एवढा कळप वाढू दे, मग नाल्याकडे नवा गोठा बांधतो." बस, त्या दिवसापासून डुकरं कधी मोठी होतात हाच माझा ध्यास.

पण वाढतील तर शपथ! खायला काय थोडं होतं? लग्नाच्या हॉलमधलं उष्टं यायचं. डालडा थिजलेला भात, कोणी चघळून टाकलेल्या शेवग्याच्या शेंगा, त्यातच पानाच्या पिचकाऱ्या. वरून तांदळाचा कोंडा आणि तुरीची चुनी, म्हणजे डाळ भरडून उरलेला सालचुरा. हे सगळं मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, रटरटायचं आणि शेजारी माझी फोडणी. सकाळी मी चहाचा कप उचलला की हे खिडकीतून डुकरांची घाण लागलेली काडी आत घालायचे.

"हे पाह्य वं, चुनी जशी गेली तशीच बाहेर आली. पचूनच नाही राहिली."

मी चहा मोरीत ओतायची.

मग खाद्य विकणारा एक माणूस पाचक भुकटी देऊन गेला. एन्झाइम म्हणायचा तो. कोंड्या-चुनीतलं जे डुकराच्या पोटात फुटत नाही, ते ही भुकटी फोडते म्हणे. आता आमच्या सासूबाईंचा कायदा असा, की घरात माणूस असो की जनावर, ताटात वाफ दिसलीच पाहिजे. त्यांनी भुकटी उकळत्या गंजात टाकली, झाकण ठेवलं आणि वर आणखी एक उकळी काढली. "मुरली पाहिजे चांगली," म्हणाल्या. पुड्यामागून पुडे संपले. काडीच्या टोकाला तीच चुनी.

तो माणूस पुन्हा आला तसे हे तडकले, "काहून गा, माती देऊन गेला होता का?"

त्यानं गंजावरची वाफ पाहिली आणि कपाळावर हात मारला. "उकळत्यात टाकता? अहो, मेली नं सगळी ताकद!"

सासूबाई दचकल्या. "मेली? जित्तं होतं का वं माय ते? माह्या चुलीवर?"

"जित्तं नाही हो आजी. पण तुम्ही उकळत्या दुधात विरजण टाकता का? कोमट झाल्यावरच नं?"

झालं. सगळे माझ्याकडे पाहायला लागले, कारण घरात दही मी लावायची.

"बोट बुडवलं का समजते हिले," सासूबाई म्हणाल्या. "हिलेच पाहू द्या."

"आई, मी दुधात बोट बुडवते. ह्याच्यात?"

"कोमट ते कोमटच राह्यते वं."

अहो, बोटानं भागतं का? वरची साय निवायची, खाली मात्र चटका. कोपरापर्यंत हात घालावा लागायचा. आत बोटांना काय काय लागायचं ते सांगत नाही. बांगड्यांखाली तुपकट घाण बसायची. राख, चिंच, साबण, कशानं म्हणून निघायची नाही. मी चमच्यानं जेवू लागले, तर हे हसायचे, "मॅडम इंग्लंडहून आल्या!"

पण डुकरं वाढली हो. खरंच वाढली. काडीला चुनी दिसेना. मी गोठ्याची आठवण दिली.

"आता काहून हलवायचं?" हे म्हणाले. "चूल इथं, तुहा हात इथं. तिकडे कोमट कोण पाह्यीन?"

दुपारी हे चुनी आणायला बाहेर पडले, तशी मी नाल्याकडे विटा वाहिल्या, गारा केला, चूल मांडली आणि गंज फरफटत तिकडे नेला. संध्याकाळी भुकेली डुकरं अशी किंचाळायला लागली की विचारू नका.

"गंज कुठी आहे?" परत आलेल्या ह्यांनी विचारलं.

"नाल्याकडे. चूल बी तिकडे. हात पाह्यजे असंन तं तो बी तिकडेच मिळंन."

ह्यांनी आईकडे पाहिलं. सासूबाई कानात बोटं घालून बसल्या होत्या. "ने नं गा त्याईले तिकडे," त्या ओरडल्या, "डोक्सं फुटून राह्यलं माह्यं!"

आठवड्याच्या आत नाल्याकडे गोठा उभा राहिला. कळप विकला जाईपर्यंत मी रोज तिकडे जाऊन गंजात हात घालत होते. नाक दाबायला दुसरा हात होताच.