भिवाजीच्या गिटारवरचा धवला

यजमान श्रीपादराव डबा घेऊन बाहेर पडले, दूध उतू जाता जाता वाचलं आणि हेमा मेथीची जुडी घेऊन बसते न बसते तोच कुणीतरी दार ठोकलं. बेल असताना दार ठोकणारा त्या इमारतीत एकच माणूस होता, वरच्या मजल्यावरचा भिवाजी. ऑर्केस्ट्रात वीस वर्षं स्पीकरशेजारी इलेक्ट्रिक गिटार वाजवून त्याचा डावा कान गेला होता. उजवा शाबूत आहे, असं तो सगळ्यांना सांगे.

"वैनी, जरा वर येता? कॉम्प्युटर सूर खातोय. तुम्ही गाणं शिकलेल्या, तुम्हाला कळंल."

मेथी तशीच ठेवून हेमा निघाली. काय चाललंय ते तिला ठाऊक होतं. रविवारी भिवाजीच्या मुलीची, रतनची हळद. ठाण्याच्या कोळीवाड्यात त्याची आई आवडाबाई घरोघरच्या हळदीला धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, गायची. तो शिकून घ्यायला कुणालाच सवड झाली नाही. ती गेली आणि पोरी कॅसेट लावू लागल्या. तिची चाल आता एकट्या भिवाजीच्या बोटांत उरली होती. पण हळदीला पोरीच्या बापाला पाटावरून उठता येत नाही, म्हणून ही चाल गिटारवर आधीच टेप करून ठेवायचं त्यानं ठरवलं होतं. स्टुडिओ परवडणारा नव्हता. बंद पडलेल्या एका क्लासचा जुना कॉम्प्युटर त्यानं घरी आणला होता.

खिडकीला गोधडी टांगलेली होती. गिटारची वायर थेट कॉम्प्युटरच्या पाठीत खुपसलेली. पडद्याकडे तोंड केलं की त्याच्या विजेनं गिटार गुणगुणायची, म्हणून भिवाजी भिंतीकडे तोंड करून बसायचा आणि बटण दाबायला बायको, जनी.

"बाजारातून येऊन आदी हात धुवायचं, मंग ह्या उंदराला हात लावायचा," जनी माउसकडे बोट दाखवत म्हणाली. "न्हाय तर वास येतो म्हनं. धवल्याला मासलीचा वास नको, कोल्याच्या घरात."

"गप गं. लाव."

हेमानं डोळे मिटून ऐकलं. पहिली ओळ सरळ आली. दुसरीत, जिथं तार बोटानं ताणून सूर वर चढवायचा होता, तिथं तो अर्ध्यातच राहिला. पुढच्या ओळीत तर भलतीकडेच गेला.

"वायर काढून नुसतंच वाजवा बघू, भाऊ."

त्यानं वाजवलं. तस्संच.

हेमानं तारा एकेक करून लावून दिल्या, शेजारी बसून सा धरला. त्यानं पुन्हा तार ताणली. मोकळ्या तारा आता सुरात होत्या, पण ताणायची किती, ते खुंटीच्या हातात नव्हतं. ते कानानंच सांगायचं असतं.

"आता?"

तिनं मान हलवली. "कॉम्प्युटरचं काही नाही हो, भाऊ."

तो बराच वेळ उजव्या कानाची पाळी चोळत राहिला. "मग तुम्ही सांगा ना, कुठवर नेऊ? तुम्ही म्हणाल तिथं थांबवतो."

"मी आवडाबाईंना कधी ऐकलंच नाही."

दोघांनी जनीकडे पाहिलं. ती पदराशी चाळा करत होती.

"आयचं असं नव्हतं," ती म्हणाली. "कसं होतं ते मना गाऊन न्हाय दावता येत. पन असं नव्हतं."

"कधीपासून कळतंय तुला?"

"दिवालीपासून."

"आणि बोलली नाय?"

"काय बोलू? रोज उठून वाजवत होतात."

हेमा तार पुन्हा लावायला पुढे झाली, पण भिवाजीनं गिटार पलंगावर उपडी ठेवली होती. रविवारी कॅसेटच लावा, तो जनीला म्हणाला, पोरींना तीच आवडते. जनी चहाचं आधण ठेवायला आत गेली. पडद्यावर त्यानं टेप केलेल्या धवल्याच्या फाइली एकाखाली एक दिसत होत्या. सगळ्यांना त्यानं आईचंच नाव दिलं होतं.

त्यानं माउस हेमाकडे सरकवला. कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं.

"एवढं पुसून टाका, वैनी. माझ्याच्यानं नाय होत."