‘एक भगिनी’चा पत्ता

वेणूताईंच्या भांडणालासुद्धा विरामचिन्हं असत. “मी येणार नाही, पूर्णविराम,” असं म्हणून त्या दार लावून घेत. मुद्रितं तपासून जिभेला लागलेलं वळण होतं ते. १९३४-३५ च्या सुमारास आम्ही दोघी नाशकातल्या एकाच शाळेत शिकवत होतो. शाळा सुटली की रविवार कारंज्याजवळच्या छापखान्यात मी जुनं पुस्तक स्वल्पविरामांसकट मोठ्यानं वाचायची आणि त्या नव्या मुद्रितातल्या चुका काढायच्या.

या विधवा बाईला एकच नाद होता. स्वतःच्या पायावर उभ्या राहू पाहणाऱ्या बायकांच्या, लोक विसरून गेलेल्या कादंबऱ्या शोधायच्या आणि पुन्हा छापायच्या. “तिनं जीव मुठीत धरून लिहिलं गं, आणि आपण ते वाळवीला घातलं,” असं म्हणताना त्यांचा आवाज चढे. त्यातली लाडकी कादंबरी ‘एक भगिनी’ या टोपणनावानं लिहिलेली. नायिका नवऱ्याचं घर सोडून निघते आणि तिथेच पुस्तक संपतं.

छपाईचे खिळे जुळवून होत आले तेव्हा लेखिकेचा पत्ता लागला, पंचवटीतला. वेणूताई हरखल्या. “ओटी तू भर, मी नमस्कार करीन,” म्हणत त्यांनी खण-नारळ माझ्या हातात दिला.

दारात एक वृद्ध गृहस्थ आले. कारण ऐकून हसले. “ती भगिनी मीच. बाईच्या नावानं लिहिलं की लोक चवीनं वाचत.”

वेणूताईंनी विचारलं, “वहिनींनी वाचलीय?”

“तिला कुठलं अक्षर? मीच शिकू दिलं नाही. मग संसार कोण बघणार?”

हे ते अगदी सहज बोलले. मी आत जाऊन त्यांच्या बायकोची, काकूंची, ओटी भरली. “माझी कशाला?” त्या म्हणाल्या. वेणूताईंनी त्यांना बाहेर बसवलं आणि मला शेवटचं प्रकरण वाचायला लावलं.

काकूंनी मान खाली घालून ऐकलं. मग नवऱ्याला विचारलं, “पुढं ती राहिली कुठं?”

“कादंबरीत एवढं सांगत नाहीत,” ते म्हणाले.

“माझ्याकडे आली असती तर मी ठेवली असती,” वेणूताई रागाच्या भरात बोलून गेल्या.

त्याच आठवड्यात काकू बोचकं घेऊन वेणूताईंच्या दारात उभ्या राहिल्या. “तुम्ही म्हणालात, ठेवली असती.”

वेणूताईंचा चेहरा पांढराफटक पडला. नोकरी, भाड्याची खोली, गावाची तोंडं, सगळं त्यांना एकदम दिसलं असणार. त्यांना इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी बोचकं आत घेतलं. “पाय धुवा, काकू.”

दुसऱ्याची बायको पळवली म्हणून शाळेनं त्यांना काढून टाकलं. नोकरी गेली तसं पुस्तकं छापणंही थांबलं. ‘एक भगिनी’च्या कादंबरीचे जुळवलेले खिळे छापखान्यानं सुटे करून परत खणांत टाकले, तेव्हा मला रडू आवरेना.

“रडतेस काय?” वेणूताई म्हणाल्या. “लिहिणाऱ्याला शेवट कुठं माहीत होता?”