एका ट्रकाची वाट

पावसाळ्यात खाणी बंद असतात, म्हणून ते मैदान झालं. एरवी बालवाडीच्या सुमंगलाबाईंनी कितीही घसा कोरडा केला असता, तरी डिचोलीकडच्या त्या वाड्यावर कुणी कुदळ उचलली नसती. गोवा राज्य झालं ते वर्ष. मराठी की कोकणी, यावरून एकमेकांचं तोंड न बघणारे शेजारी बालवाडीसमोरच्या, रस्त्याकडेच्या पडीक जागेतलं रान काढायला मात्र एकत्र आले. भांडणं तिथंही झालीच, पण काम झालं.

सगळ्यात जास्त राबला महादेव. सावंतवाडीकडून येऊन वाड्यावर राहिलेला हा माणूस खनिजाचा ट्रक चालवायचा आणि पावसाळ्यात रिकामा असायचा. त्यानं आंब्याच्या फांदीला जुने टायर टांगून झोपाळे केले, पोरांसाठी रेतीचा ढीग घातला. रस्त्याच्या अंगाला चिरे रचून गडग्याची बुटकी भिंत घालायची वेळ आली, तेव्हा मात्र तो डोकं खाजवत म्हणाला, "बाई, येका ट्रकाची वाट तेवढी सोडा. दुपारी जेवूक येतंय, माका ट्रक फिरवूक दुसरी जागा खंय आसा? हॉर्न मारून, सावकाश येतलंय."

सुमंगलाच्या जिभेवर 'नाही' होतं. पण ज्यानं घाम गाळला त्यालाच ते कसं म्हणायचं? भिडेपोटी तिनं मान हलवली आणि तिथूनच तिच्या जिवाला घोर लागला. तिला स्वतःचं मूल नव्हतं. दुसऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्या बाईला चुकायची मुभा नसते, हे तिच्या मनात पक्कं बसलेलं.

"तूं उगीच भियेता. म्हादेव आपलोच न्हय?" नवरा, सगुण, म्हणायचा. त्याचं चुकत नव्हतं, म्हणून तर ती जास्तच चिडायची.

खाणी सुरू झाल्या. महादेव शब्दाला जागला. दुपारी लांबूनच हॉर्न वाजे, सुमंगला पोरांना बालवाडीच्या सोप्यावर ओढून घेई, ट्रक आत येऊन वळे आणि बाहेर रस्त्याकडेला उभा राही. मग महादेव हात हलवून जेवायला जाई. वाडा निर्धास्त झाला. आपणच वेड्यासारखं घाबरतो, असं तिलाही वाटू लागलं.

त्या दुपारीही महादेव असाच आला, वळला, घरी गेला. तिनं पोरांना सोडलं. शेजारच्या ताराची अंकिता रेतीत रस्त्याकडे पाठ करून बसली, करवंटीनं भात वाढत.

आणि त्याच वाटेनं दुसरा ट्रक उलटा आत आला. हॉर्न नाही, काही नाही.

सुमंगला धावली, पोरीचा दंड धरून खेचलं आणि दोघी धुळीत पडल्या. उष्ट्या हातानं धावत आलेला महादेव ट्रकच्या पत्र्यावर दणादण मारत सुटला. चाक रेतीत चढून थांबलं. करवंटीचा चुरा झाला होता, आणि अंकिता त्या करवंटीसाठी भोकाड पसरून रडत होती.

ड्रायव्हर खाली उतरला. महादेवाकडे बोट करून म्हणाला, "ताका भितर वचताना पळयलो. म्हाका दिसलें, हांगा वाट आसा."

महादेवाला आत जाताना पाहून तो आला होता; त्याला काय बोलणार? सुमंगलाला संताप आला तो स्वतःचाच. "म्हादेवभाऊ," ती म्हणाली, "वाट मी सोडली."

"मागलेली मी," महादेव म्हणाला. तो पुन्हा ताटावर बसला नाही. तसाच उष्ट्या हातानं चिरे उचलायला लागला.

गडगा पुरा झाला. ट्रक फिरवायला जागा नाही, म्हणून आता महादेव हमरस्त्यापासून घरापर्यंतचा सगळा अरुंद रस्ता ट्रक उलटा घेत येतो, मान वळवून वळवून अवघडलेला. ट्रकाचा आवाज आला की सुमंगला अजूनही पोरांना मोजते. मग जिथं ट्रकाची वाट होती, तिथं गडग्याला पाठ लावून उभी राहते, आवाज बंद होईपर्यंत.