मेक्सिकन मसाल्यातला ओवा

माझा धाकटा दीर मालवाहू जहाजावर भटारखान्यात होता. स्वतःला तो कुक म्हणायचा. लग्न होऊन मी भिवंडीत कामतघरला आले तेव्हा मीही ते खरं धरलं, पण सुट्टीवर आला की तो ज्या झपाट्यानं कांदे सोलायचा ते बघून जहाजावर त्याच्याकडं कुठलं खातं आहे ते माझ्या लक्षात आलं. तरी पोरगा गुणी. वरचा कुक मेक्सिकोचा होता, आणि त्याच्या हाताखाली राहून हा मटणाला चोळायचा एक मसाला शिकून आला होता. त्या मसाल्याचं कौतुक ऐकून ऐकून आमचे कान किटले होते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अंबाडी गावची एक मुलगी त्याला सांगून आली. बालवाडीत शिकवायची, सावळी, हसरी, बोलायला खणखणीत. आम्ही बघायला गेलो तर हा गडी पोह्यांची बशी हातात धरून नुसता बसला. मी कोपरानं ढोसलं तरी घास तोंडात जाईना. मुलीच्या वडिलांनी विचारलं, जहाजावर नक्की काय करता? हा म्हणाला, कुक. वडील पक्के होते. त्यांच्या पुतणीला असाच एक कुक मिळाला होता, तो पुढं भांडी घासणारा निघाला. म्हणून ते म्हणाले की आम्ही घर बघायला येऊ तेव्हा तुमच्या हातचं खाऊ घाला, पुढचं मग बोलू.

आता साधं वरण-भात करतो म्हणाला असता तर काय बिघडलं असतं? पण नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! मेक्सिकन मटण करतो म्हणाला. मेक्सिको कुठं आलं, असं वडिलांनी विचारलं, तर हा म्हणतो, अमेरिकेच्या खाली. त्यांनी अशी मान डोलावली की वाटावं, शेजारचा वाडा तालुका सोडला की लगेच लागतं.

परतताना एसटीत मी त्याची भरपूर टिंगल केली. तो हसला नाही. लग्न करीन तर हिच्याशीच, म्हणाला. सुट्टी संपत आली होती, एकदा जहाजावर चढला की वर्ष गेलं, आणि तोवर ती मुलगी थोडीच बसून राहणार होती. त्याचं तोंड बघून मी गप्प झाले आणि घरी आल्यावर पदर खोचून मसाल्याच्या कामाला लागले.

मिरची काळपट आणि गोडसर हवी होती, म्हणून बेडगी आणली, ती तव्यावर करपेपर्यंत भाजली. जिरं भाजलं, दालचिनी कुटली. लसूण आणि कांद्याची भुकटी मात्र तेव्हा बाजारात कुठली मिळायला? दोन्हीच्या चकत्या करून चाळीच्या पत्र्यावर वाळत घातल्या. आमच्या दोन्ही बाजूंना लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग. दिवसरात्र खडखडाट, आणि हवेत सुताचा भुरा. संध्याकाळी चकत्या खाली आणल्या तर प्रत्येकीला पांढरी दाढी आलेली. मी एकेक चकती फुंकत बसले. दिराच्या लग्नासाठी कांद्याची दाढी करणारी वहिनी अख्ख्या भिवंडीत मी एकटीच असेन. शेजारची भाभी येऊन बघून गेली आणि ये कौन सी बीमारी का इलाज है, असं अगदी काळजीनं विचारून गेली.

सासूबाईंना हा मसाला मुळातच मान्य नव्हता. धणे नाहीत, खोबरं नाही, दगडफूल नाही. वर रस्साही नाही! पाहुण्यांनी भाकर काय पाण्यात बुडवून खायची, हा त्यांचा प्रश्न होता आणि खरं सांगते, माझाही होता. पण पोराच्या लग्नाचा मामला म्हणून त्यांनी ओठ घट्ट मिटून सगळं सहन केलं.

एक वाळका पाला तेवढा राहिला होता. त्याचं नाव दिराला धड सांगता येईना. ओरे-काहीतरी होतं. बाजारात जाऊन "ओरे आहे का?" म्हटलं की दुकानदार "अरे काय आहे का?" म्हणायचे. शेवटी पाहुणे यायच्या दिवशी, रविवारी सकाळी, त्यानं मटणाला मसाला चोळला, परात आईच्या हवाली केली आणि जाता जाता म्हणाला की बाकी सगळं जमलंय, फक्त तो ओव्यासारखा वास आणि जराशी धुराची चव, तेवढं राहिलं. एवढं बोलून तो आंघोळीला गेला. मी हंडा घेऊन नळावर गेले. तिथंच ध चा मा झाला.

आता ओवा आणि धूर हे दोन शब्द एका दमात आमच्याकडच्या कुठल्याही बाईपुढं काढा, तिला एकच गोष्ट सुचणार, बाळंतिणीची धुरी. माझी नणंद बाळंतपण आटपून नुकतीच सासरी गेली होती, तिच्यासाठी आणलेला ओवा डब्यात होताच. सासूबाईंनी शेगडी पेटवली, निखाऱ्यांवर मूठभर ओवा टाकला. ओवा आला म्हणजे बाळंतशेपा आल्याच, त्याही टाकल्या. लसणीची सालं टाकली. मटणाची परात बाजेवर ठेवली, शेगडी बाजेखाली सरकवली, आणि धुरी बाहेर जाऊ नये म्हणून वरून आपलं जुनं लुगडं पांघरलं. लेकीचं केलं तसंच, अगदी मनापासून.

पाहुणे पहिल्याच एसटीनं आले. आई, वडील, आणि मुलगी सुद्धा. मुली घर बघायला येत नाहीत, पण ही मीही येणार म्हणून हटून बसली होती. मी हंडा घेऊन परतले तेव्हा ते दारातच भेटले. मुलीच्या आईनं जय भीम म्हणायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. त्यांनी नाक वर करून वास घेतला. आतल्या खोलीचा पडदा अर्धा सरकलेला होता. आत बाज, बाजेवर पांघरूण, खाली शेगडी. मग त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मी डोक्यावर हंडा घेऊन धडधाकट उभी. नणंद सासरी गेल्याचं आम्हीच त्यांना सांगितलं होतं. मग आत बाळंतीण कोण?

सासूबाईंना यातलं काही कळलं नाही. त्या नुसत्या कौतुकानं फुलल्या होत्या.

"कवाचं हाय?" मुलीच्या आईनं पडद्याकडं बघत विचारलं.

"आज सकाळचंच. ताजं हाय."

"आन् ह्यो कुनाचा कारभार?"

"आमच्या धाकल्याचा की. जहाजावर शिकून आलाय. तिकडं समद्यांना लई आवडतं म्हन्तो."

मुलीच्या आईनं डोक्यावर पदर घेतला आणि त्या नवऱ्याला म्हणाल्या, उठा. ते अजून बसलेही नव्हते. त्यांनी काढलेली चप्पल परत पायात घातली. मला सगळं कळलं होतं, सांगायचंही होतं, पण हसू दाबलं की मला उचकी लागते. ती अशी लागली की हंड्यातलं पाणी अंगावर सांडलं आणि तोंडातून शब्द फुटेना. तेवढ्यात ओल्या केसांनी दीर आला. पाहुणे निघालेले बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

मुलगी तेवढी सरळ आत गेली आणि तिनं लुगडं ओढलं. तिथं परात होती, परातीत बोकडाचं मटण. ती खो-खो हसत खाली बसली. तिची आई पदरात तोंड लपवून भिंतीला टेकली. सासूबाईंच्या ध्यानात आलं आणि त्यांचा चेहरा एवढासा झाला. पोराचं लग्न आपण मोडलं, हे त्यांच्या डोळ्यांत सरळ दिसत होतं. मला इतकं वाईट वाटलं की उचकीच थांबली.

वडील हसले नव्हते. त्यांनी परातीत वाकून बघितलं आणि दिराला विचारलं, "मेक्सिकोत असंच करतात?"

नाही म्हणायला किती सोपं होतं! आईनं घोटाळा केला म्हटलं असतं की हा सुटला. दिरानं आईकडं बघितलं. सासूबाई लुगड्याची घडी घालत होत्या, ती घडी काही केल्या होत नव्हती.

"हो," तो म्हणाला. "असंच करतात. आईला मीच सांगितलं होतं."

मग त्यानं स्टोव्हवर तवा तापवला आणि सगळ्यांसमोर मटण परतलं. हात छान चालत होता, ते नाकारून चालणार नाही. पण चव! लसूण, मिरची, सगळं कुठल्या कुठं गेलं होतं. मटण खातोय की बाळंतकाढा पितोय तेच कळेना. वडिलांनी बराच वेळ चावलं. मग म्हणाले की हात कुकचाच आहे, पण चवीचं काही समजत नाही. विचार करून कळवतो.

लग्नाच्या बोलण्यात कळवतो म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत असतं. दिराचा हात तव्यावर तसाच थांबला.

मुलीनं तेवढ्यात आपलं ताट पुसून खाल्लं होतं. तिनं ते उचललं आणि पुढं केलं. त्याच्यापुढं नाही, सासूबाईंपुढं.

"आत्या, अजून वाढा."

आल्यापासून ती त्यांना मावशी म्हणत होती. भाचरं सोडली तर आमच्यात आत्या फक्त सून म्हणते सासूला. वडिलांनी मुलीकडं बघितलं, मग बायकोकडं बघितलं, आणि आपलंही ताट पुढं केलं.

"मग आता कळवायचं काय राहिलं," ते म्हणाले.

सासूबाईंनी त्यांच्या ताटाकडं ढुंकूनही बघितलं नाही. उरलेलं सगळं मटण त्यांनी त्या पोरीच्या ताटात ओतलं आणि ती संपवेपर्यंत तिच्या पाठीवर हात ठेवून शेजारी बसून राहिल्या.